समोरच्या फुटपाथवरून

दरवाजाएवढा डोळा रंगवत असताना तो डोळा आहे हे रंगवणाऱ्याला दिसत नाही. नाकासमोर दीड फुटावर तपकिरी रंगाची एक वळत गेलेली कड असते, तिच्यावर करड्याचे तीन थर असतात, आणि मध्ये प्लास्टरची एक भेग असते, जी काल बुजवलेली असते आणि आज परत आलेली असते. लोकांना वाटतं, वर चढलं की चित्र जास्त चांगलं दिसत असेल. काही दिसत नाही. वर ऊन असतं, पारव्यांची घाण असते आणि कमरेला करकचून बांधलेला पट्टा असतो.

या सहा मजली इमारतीची एक बाजू सबंध कोरी आहे, एकही खिडकी नाही. आत राहणारे बहुतेक जण जवळच्या कपड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भिंतीवर काय काढायचं यावर त्यांनी चार बैठका घेतल्या. कुणाला शिलाई मशीन हवं होतं, कुणाला कारखान्याचं फाटक, एकाला उगाचच धबधबा. शेवटी सुईत दोरा ओवणारी बाई ठरली. तिरकी बसलेली, सुई नाकासमोर धरलेली, एकच डोळा नीट दिसणारा. चित्रातलं सगळं त्या डोळ्यावर होतं. ती सुईच्या भोकाकडे बघत असेल तर ती दोरा ओवते आहे. जरा इकडेतिकडे बघत असेल तर ती हातात सुई घेऊन बसलेली कुणीतरी रिकामटेकडी बाई आहे.

पाच आठवडे झाले होते. मी रोज साडेसहाला यायचे. वॉचमनकाका फाटक उघडायचे, मी पंपाच्या खोलीच्या सावलीत डबे मांडून रंग कालवायचे, आणि ऊन चढायच्या आत परांचीच्या सातव्या टप्प्यावर पोचायचे. चित्र वरून खाली रंगवत आणतात, म्हणजे ओघळ आला तर झालेल्या कामावर येत नाही. त्या हिशेबानं डोळा पहिल्या आठवड्यातच झाला होता. पुढे हात झाले, सुई झाली, मांडीवरचं कापड झालं, पायाची बोटं झाली. आणि मी मात्र दर आठवड्याला परत वर जाऊन डोळा खोडत होते. चार वेळा खोडला. काहीतरी चुकलं होतं आणि काय ते मला कळत नव्हतं.

आणि खाली सगळे म्हणत होते, छान.

वॉचमनकाका म्हणत, छान. समोरच्या फुटपाथवरचा औषधवाला दुकानातून मान बाहेर काढून म्हणे, छान. बसथांब्यावरचे लोक फोटो काढत आणि आपापसात छान म्हणत. सोसायटीचे सेक्रेटरी रोज संध्याकाळी हात मागे बांधून यायचे, दोन मिनिटं वर बघायचे आणि ‘छान, छान’ असं दोनदा म्हणायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. छान म्हणजे काय हो? छान म्हणजे आम्हाला घरी जायचं आहे.

ताईनं एकोणीस वर्षांत एकदाही छान म्हटलं नव्हतं.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी. तिला चित्र काढता येत नाही. साधी मांजर काढली तर शेपटीवरून ओळखावी लागते. पण एकोणीस वर्षं मी वर आणि ती खाली, असं आमचं काम चाललं. मी भिंतीवर खडूनं चौकटी आखायची, ओळींना आकडे द्यायची आणि वर चढायची. ती रस्त्यापलीकडे उभी राहायची आणि दिवसभर माझ्या कानातल्या फोनवर बोलायची. ‘बारके, तिसरी ओळ, पाचवं घर. गाल सुजलाय. दोन बोटं आत घे.’ ‘बारके, कपाळ अजून लांबव, खालून बुटकं दिसतंय.’ ‘बारके, पाणी पी.’ बरोबर झालं की ती गप्प बसायची आणि शब्दकोडं उघडायची. कान दोन मिनिटं शांत राहिला की मी समजायची, हे घर जमलं. पुढचं घ्यायची.

रस्त्यावरच्या माणसाला भिंत कशी दिसते हे तिला जसं कळायचं तसं मी दुसऱ्या कुणाला कळलेलं बघितलं नाही. आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती, असं मी म्हणते. खरं तर माझ्याच जिवावर यायचं.

गेल्या वर्षी आम्ही पाण्याच्या टाकीवर पक्षी काढत होतो. उन्हाचा कडाका होता, माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. ताई कानात म्हणाली, ‘चौथी ओळ, दुसरं घर. पिवळा फार झालाय, पांढरा मार.’ मी चौथ्या ओळीत गेले, पांढरा मारला. तिथे बगळ्याची मान होती. दोन दिवस खपून काढलेली, अगदी जमलेली मान. ती ‘थांब, थांब’ ओरडेपर्यंत रोलर फिरून गेला होता. मी बघितलं आणि माझं टाळकं सरकलं. फोन कानात होता, ओरडायची काही गरज नव्हती. पण मला रस्त्याला ऐकवायचं होतं. मी परांचीवर वाकून ओरडले, ‘स्वतःला एक रेघ मारता येत नाही, आणि मला शिकवतेस!’

रस्त्यावरची माणसं थांबली. कानात नुसता गाड्यांचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी खाली उतरताना मला भिंतीच्या कडेला खडूचे आकडे दिसले. एक सगळ्यात खाली होता, मग वर दोन, तीन, चार. आम्ही नेहमी वरून मोजत आलो होतो. या वेळी मिस्त्रीनं वरची परांची उशिरा बांधली म्हणून मी स्वतःच खालून सुरुवात केली होती, आणि विसरले होते. ताईनं लिहिलेला आकडा वाचला होता. मी सवयीनं वरून चौथी धरली होती. आकडे माझ्या हातचे होते, माझा तो पोट सुटलेला चार. मी ओल्या फडक्यानं ते सगळे पुसून टाकले. आणि घरी जाऊन काही बोलले नाही.

महिन्याभरात ताईनं दातांच्या डॉक्टरांना हो म्हटलं. डॉक्टर विधुर होते, सज्जन होते आणि चार वर्षं विचारत होते. आम्ही दोघी मिळून त्यांची टिंगल करायचो. त्यांनी ताईची दाढ काढली तेव्हा दाढेऐवजी काळीज गेलं असेल चिमट्यात, असं मी म्हणायची आणि ताई हसता हसता ओठ दाबायची. चोपन्नाव्या वर्षी तिनं कचेरीत जाऊन सही केली. साक्षीदार म्हणून मीही केली. मग डॉक्टरांबरोबर ती चार तासांवरच्या, त्यांच्या मुलाच्या शहरात राहायला गेली.

आमच्या दोन खोल्यांत तेव्हापासून मी एकटी. ताईच्या पलंगावर मी रंगाचे डबे ठेवले, म्हणजे तो रिकामा दिसायला नको. चहा अजूनही दोन कपांचा होतो. हाताला तेवढंच माप ठाऊक आहे. दुसरा कप मी तासाभरानं गार पिते आणि स्वतःवर चिडते. फोन रोज व्हायचा. तिची गुडघेदुखी, माझं पित्त, डॉक्टरांचा मुलगा, तिकडचं पाणी. भिंतीबद्दल ती विचारायची नाही आणि मी सांगायची नाही. फोन ठेवला की कान दुखायचा, इतका मी तो दाबून धरलेला असायचा.

मला ताई हवी होती. डोळा दुरुस्त करायला हवी होती हे तर झालंच, पण ते निमित्त होतं. दिवसभर कानात कुणीतरी चूक आहे, चूक आहे म्हणत असलं की माणूस एकटा नसतो. हे मला सहाव्या मजल्यावर, गरम पत्र्याच्या फळीवर बसून कळलं. खूप उशिरा कळलं.

तिच्या जागी मी इतरांना लावून बघितलं. वॉचमनकाकांना फोन देऊन पलीकडे उभं केलं. विचारलं, ‘काका, ती कुठे बघतेय?’

‘कोण, मॅडम?’

‘बाई! भिंतीवरची!’

‘समोर बघतेय की. छान बघतेय.’

मग त्यांना कुणी ओळखीचं भेटलं आणि पुढची दहा मिनिटं मी कानात त्यांच्या जावयाच्या बदलीची हकिकत ऐकत होते. औषधवाला हुशार होता, पण त्याला गिऱ्हाईक यायचं. स्वतः खाली उतरून बघावं तर उतरायला आणि रस्ता ओलांडायला वीस मिनिटं, तोवर वर काय केलं होतं ते हातातून गेलेलं. आणि इतकी वर्षं कुणाच्या तरी डोळ्यांनी बघायची सवय. समोर उभी राहिले की मला माझे ब्रशाचे फटकारे दिसत, बाई दिसतच नसे. फोनमधला फोटो तर लबाड. त्यात सगळंच छान येतं.

सोमवारी मिस्त्री आला आणि म्हणाला, ‘गुरुवारी सकाळी परांची उतरवतो. पुढच्या कामावर माणसं खोळंबलीत.’ मी गयावया केली, चिडले, परत गयावया केली. तो ढिम्म हलला नाही. परांची उतरली की डोळा जसा असेल तसा राहणार, पुढची पंधरा-वीस वर्षं. बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसासमोर.

त्या रात्री फोनवर गुडघेदुखी आणि पित्त झाल्यावर मी म्हणाले, ‘बुधवारी येऊन जा ना. परांची गुरुवारी निघतेय.’

‘बुधवारी?’

‘काम असेल तर राहू दे.’

‘काम कसलं! येते की. दुपारच्या बसनं परत निघेन, डॉक्टरांना जेवायला उशीर चालत नाही.’

मंगळवारी मी डोळा पाचव्यांदा खोडला नाही. जुन्या बुबुळाभोवती फक्त खडूनं गोल आखला आणि नव्या बुबुळाचा रंग कालवून ठेवला. ती सांगेल तिथे ते ठेवायचं. रात्री मला शाळेची सहल असल्यासारखी झोप लागेना. काय बोलायचं ते मी पाठ केलं. आधी टाकीचं सांगायचं. आकडे माझेच होते, माझं चुकलं. मग डोळ्याचं विचारायचं.

बुधवारी अकराच्या बसमधून ताई उतरली. पायात नवी पांढरी चप्पल, डोळ्यांवर नवा चष्मा, हातात सफरचंदांची पिशवी. चेहरा भरलेला. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘किती वाळलीस गं बारके.’ मग औषधवाल्याच्या दुकानापाशी फुटपाथवर उभी राहिली, तिच्या सवयीप्रमाणे जरा डावीकडे, आणि वर बघितलं.

मी भिंतीकडे बघितलंच नाही. मी तिच्याकडे बघत होते. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं, नजर परत वर नेली, डोळ्यापाशी थांबली.

‘छान झालंय,’ ताई म्हणाली.

मला वाटलं ती चेष्टा करतेय. मी वाट बघितली. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘ताई, खरं सांग.’

‘खरंच सांगतेय. फार छान झालीय बाई.’

‘डोळा बघ. डोळ्यात काहीतरी चुकलंय. पाच आठवडे झाले, मला सापडत नाहीये. अजून अर्धा दिवस आहे, मी आत्ता वर जाते, तू फोनवर नुसतं सांग.’

‘अगं, मला काय कळतं त्यातलं?’

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा असता तर मला कळला असता, आम्ही एका खोलीत वाढलोय. तिनं सहज म्हटलं, कुणी बाजारभाव विचारला तर आपण सांगतो तसं. मग मी पाठ केलेलं सगळं उलटसुलट बोलून टाकलं. टाकी, चौथी ओळ, खालून मोजलेले आकडे, ओलं फडकं. ‘आकडे माझेच होते ताई. तुझं बरोबर होतं. मी पुसले ते. चूक माझी आणि ओरडले तुझ्यावर.’

‘माहीत आहे मला,’ ताई म्हणाली. ‘तेव्हाच दिसले होते मला आकडे.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू वर होतीस ना. एवढ्या उंचावर असलेल्या माणसाला असलं काही सांगू नये, तोल जातो.’

‘आणि घरी आल्यावर?’

‘घरी आल्यावर म्हटलं, जाऊ दे.’ तिनं रुमालानं माझ्या कानामागचा रंग पुसला. ‘बारके, तुला वाटतं मी रागावून गेले. पहिले चार दिवस होता राग. मग एक दिवस बाजारात जाताना रस्त्यात कुणीतरी काढलेली भिंत दिसली. मासे होते. आणि मी नुसती बघत उभी राहिले. कुठला मासा वाकडा आहे ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. एकोणीस वर्षांत मी एक चित्र नुसतं बघितलं नव्हतं गं. डोळ्यांत तेल घालून चुका शोधायच्या, भिंत संपली की दुसरी. तुझ्या एकाही भिंतीवर काय काढलं होतं ते मला आठवत नाही, काय चुकलं होतं तेवढं आठवतं.’

मी तिच्या हातातली सफरचंदांची पिशवी घेतली.

‘आता मी तिच्याकडे बघते,’ ताई वर बघत म्हणाली, ‘तर मला बाई दिसते. आवडली मला. परत शोधायला लागले तर ते जाईल. नको मला.’

ती मनापासून बोलत होती, आणि सुखात होती. तिनं माझ्या अंगावर ओरडायला हवं होतं, सगळ्या रस्त्यासमोर माझा पाणउतारा करायला हवा होता. मी तो सगळा सोसला असता आणि वर चढले असते. सुखी माणसाला परत काय बोलावणार?

आम्ही औषधवाल्याच्या बाकावर बसून सफरचंदं खाल्ली. ताईनं डॉक्टरांचे किस्से सांगितले. ते झोपेत पेशंटला ‘आ करा’ म्हणतात म्हणे. मी हसले, खरंच हसायला आलं. दोनच्या बसला तिला चढवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, ‘पाणी पीत जा.’ मी म्हणाले, ‘पोचल्यावर फोन कर.’ पाहुण्यांना म्हणतात तसं.

मग मी वर गेले. बुबुळ माझ्या अंदाजानं ठेवलं. खाली उतरले, रस्ता ओलांडला, बघितलं, काही कळलं नाही. परत वर गेले, अर्धं बोट सरकवलं. असं उजेड असेपर्यंत चार वेळा केलं. चौथ्यांदा खाली आले आणि ब्रश धुतले. तिचा पोचल्याचा फोन आला. मी डोळ्याचं काही बोलले नाही.

गुरुवारी मिस्त्रीची माणसं आली. दुपारपर्यंत बांबू उतरले, फळ्या उतरल्या, जाळी निघाली, आणि बाई पहिल्यांदा सबंध उघडी झाली. इमारतीतली म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन खाली आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी चार वेळा छान म्हणाले. मिस्त्रीचा ट्रक बांबू भरून निघून गेला.

मी रस्ता ओलांडून औषधवाल्याच्या दुकानापाशी गेले. ताई उभी राहायची तिथे, जरा डावीकडे. हातात ब्रश नव्हता, परत वर जायचं नव्हतं, म्हणून असेल, पण मला फटकारे दिसले नाहीत. बाई दिसली. मांडीवर कापड, दोन बोटांत दोरा, नाकासमोर सुई. आणि ती सुईकडे बघत नव्हती. तिची नजर सुईच्या जरा वरून निघून रस्ता ओलांडून इकडे येत होती, या फुटपाथवर, कुणी आहे का ते बघत. एकोणीस वर्षं मी ब्रश फिरवताना ज्या बाजूला कान लावून बसायचे त्याच बाजूला. दर वेळी मी तिला तेच बघायला लावलं होतं.

दोन बोटं खाली आणि एक बोट आत. इतकंच होतं. मला अगदी स्वच्छ दिसलं, कुणी न सांगता.

‘बुबुळ खाली घे,’ मी म्हणाले, चांगलं मोठ्यानं. ‘दोन बोटं खाली.’

बसथांब्यावरच्या दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. वर कुणी नव्हतं.